डाव्या चाकाचा खालचा बोल्ट

आमच्या घरात एक नियम होता: जो बोल्ट कसतो, तो त्यावर खूण करत नाही.

नियम पप्पांचा. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या, गिअर कापणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. काम करणारा आणि ते काम पास करणारा माणूस एकच असणे तिथे गुन्हा समजला जाई. हा नियम त्यांनी राजेंद्र नगरातल्या आमच्या पोर्चमध्ये आणला आणि एका जुन्या गाडीला लागू केला. एकाने बोल्ट कसायचा. दुसऱ्याने तो टॉर्क पान्याने तपासायचा. बोल्टने ठरलेला जोर सहन केला की हा लांब दांड्याचा पाना हातातल्या हातात ‘टक्’ करतो. टक् झाले की तपासणाऱ्याने बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मधोमध तुटते, आणि तुटलेली रेघ लपत नाही.

पप्पांची रेघ पांढरी असे, व्हाइटनरची. माझी लाल, नेलपॉलिशची. नखांना ते नेलपॉलिश मी कधी लावले नाही. गाडीखाली पाठीवर झोपून वर पाहिले की आमचा दोघांचा इतिहास वाचता येई. लाल रेघ म्हणजे पप्पांनी कसला, मी तपासला. पांढरी म्हणजे मी कसला, पप्पांनी तपासला. रंग नसता तरी मला फरक कळला असता. पप्पा उजवे, मी डावरी. त्यांच्या रेघेचे वरचे टोक उजवीकडे झुके, माझ्या रेघेचे डावीकडे.

गाडी म्हणजे दोन दारांची, बुटकी, मागे उतरत जाणाऱ्या छपराची परदेशी स्पोर्ट्स कूपे. एका फौजी अधिकाऱ्याने ती कधीकाळी बाहेरून आणली होती. माझे आजोबा महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये होते. त्या अधिकाऱ्याची गाडी तेच बघत. अधिकारी गेले, गाडी महूच्या एका शेडमध्ये बसून राहिली, आणि मी सहा-सात वर्षांची असताना पप्पांनी ती ट्रकवर घालून घरी आणली. आई दारात उभी राहून म्हणाली होती, “चार माणसांच्या घरात दोन दारांची गाडी?” पप्पा म्हणाले, “एक खिडकी पण आहे, तिच्यातून तू ये.” आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मागची सीट नावापुरतीच होती. तिथे मोठा माणूस बसू शकत नसे, म्हणून ती माझी. पाय दुमडून मी तिथे बसे, आणि पप्पा आतला आरसा थोडा खाली वळवून ठेवत, म्हणजे त्यांना रस्त्याऐवजी मी दिसे. रस्त्यासाठी बाहेरचे आरसे आहेत, असे ते म्हणत. मी कॉलेजात जाऊ लागले, मागे मावेनाशी झाले, पुढच्या सीटवर आले. आरसा मात्र तसाच राहिला.

असल्या गाडीला दुकानात तयार भाग मिळत नाहीत. रबरी बुश आम्ही दुसऱ्या गाडीचे कापून बसवले, क्लचची केबल सांवेर रोडवर बनवून घेतली, रेडिएटर तर इतक्या वेळा झाळला की त्यात मूळचे किती उरले आहे हा वादाचा विषय होता. पदार्थविज्ञानाची गोडी मला पुस्तकातून लागली नाही. बारा वर्षांची असताना हातात तुटलेला बोल्ट धरून मी विचारले, हा एवढा जाड लोखंडाचा, मग तुटला कसा? पप्पा म्हणाले, “थकला.” पुढे मी त्याच एका शब्दावर पदवी घेतली, मग त्याच शब्दावर संशोधन सुरू केले. सतत हलणाऱ्या सांध्यांमध्ये धातू कसा थकतो, हा माझा विषय आहे.

एवढे सांगितल्यावर पुढची गोष्ट सांगणे अधिक कठीण होते.

बेंगळुरूला संशोधनासाठी माझी निवड झाली, त्या वर्षीची गोष्ट. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक पुरा करत होतो. तिथे कॅलिपर नावाचा जड लोखंडी पंजा फिरती तबकडी पकडून गाडी थांबवतो, आणि तो पंजा दोन बोल्टांवर उभा असतो, एक वर, एक खाली. वरचा मी कसला, पप्पांनी तपासला, टक्, पांढरी रेघ. इतक्यात शेजारचे काका पेढे घेऊन आले, माझ्याच निवडीचे. पप्पा हात पुसत आत गेले.

माझी रेल्वेगाडी साडेचारची. बॅग अर्धी उघडी. खालच्या बोल्टापर्यंत टॉर्क पाना पोचायला जॅक हलवावा लागतो, पाच-सात मिनिटांचे काम. मी साध्या पान्याने बोल्ट कसला, हाताला घट्ट वाटला. मग पप्पांची व्हाइटनरची बाटली उघडली आणि त्यांची पांढरी रेघ मी स्वतः ओढली.

ते परत आले. हातातली बॅटरी लावून त्यांनी आत पाहिले. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

“दोन्ही झाले?”

“हो ना पप्पा, तुम्हीच तर केले. पेढ्यांच्या नादात विसरलात.”

“अच्छा,” ते म्हणाले. “मग अजून काही?”

“नाही.”

चाक बसवले. दुपारी स्टेशनला निघताना मी सवयीने पुढचे दार उघडू लागले, तर ते म्हणाले, “राहू दे बेटा, ऑटोनं जाऊ. स्टेशनवर पार्किंगची कटकट.” मला ते योग्य वाटले. गाडीत सामानही मावले नसते.

तीन वर्षे ते दर रविवारी फोन करत. हवा कशी, जेवण कसे, गाइड कसे. शेवटी विचारत, “अजून काही?” मी म्हणे, “नाही पप्पा, बस.” हा फोन संपवायचा त्यांचा प्रकार आहे, असे मी धरून चालले होते. सुट्टीत घरी आले की ते पोर्चमध्ये टॉर्क पाना काढून ठेवत. “थोडं चेकिंग राहिलंय. बाटली वाळून जाईल तुझी.” मला शोधनिबंध पुरा करायचा असे, मला कुठेतरी अर्ज पाठवायचा असे. पुढच्या वेळी, पप्पा.

त्या तिसऱ्या वर्षी, एका दुपारी, महूहून परतताना राऊच्या अलीकडे त्यांची गाडी रस्ता सोडून डावीकडे गेली आणि लोखंडी कठड्याला घासत थांबली. लोक पोचले तेव्हा इंजिन चालू होते. पप्पा स्टिअरिंगला टेकलेले होते. डॉक्टरांनी सांगितले, हृदय बंद पडले. गाडी नंतर भरकटली. पोलिसांनी लिहिले, वाहनात दोष दिसला नाही. चाक कोणी काढून पाहिले नव्हते.

डावीकडे. हा शब्द मी पुढची तीन वर्षे डोक्यात घेऊन फिरले. पुढचा डावा कॅलिपर सैल झाला तर तो तिरका होऊन तबकडीला वेडावाकडा धरू शकतो, आणि गाडी डावीकडे ओढली जाऊ शकते. अशा झटक्याने साठीच्या माणसाचे हृदय बंद पडू शकते का? शकते. मग आधी काय झाले, हृदय की बोल्ट? मी पुरावा मांडून पाहत असे. बोल्ट पूर्ण निघाला असता तर चाक फिरलेच नसते, आणि गाडी चौघांनी ढकलत पोर्चमध्ये आणली होती. म्हणजे तो निघाला नव्हता. पण सैल होता की नाही, हे ढकलण्यावरून कळत नाही. तीन वर्षे टिकला, म्हणजे घट्ट होता? माझा विषयच सांगतो की असे काही नसते. कमी कसलेला बोल्ट हजारो वेळा थोडा थोडा हलतो आणि मग एका दुपारी, काहीही वेगळे न घडता, सोडून देतो.

प्रयोगशाळेत माझ्या समोर यंत्रात बोल्ट हलत असत. मी आकडे उतरवून घेत असे. कधी कधी यंत्र थांबल्यावर, कोणी नसताना, मला मागून विचारल्यासारखे वाटे: अजून काही? मी भुते मानत नाही. मी मागे वळूनही पाहत नसे. वळून न पाहण्यासाठी मला प्रयत्न करावा लागे, एवढेच नोंदवते.

चाक उघडून पाहणे हा साधा उपाय होता. अर्ध्या तासाचा. तीन वर्षांत मी पाच वेळा घरी आले आणि पाचही वेळा गाडीवरचे ताडपत्रीचे आवरण उचलले नाही. ज्याचे उत्तर मिळू शकते असा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदाच टाळत होते.

यंदा मला परदेशात संशोधनाची जागा मिळाली. निघण्याआधी सहा आठवडे मी इंदूरला आले आणि आईने पहिल्याच संध्याकाळी सांगितले की गाडी विकायची. उज्जैनचे एक दंतवैद्य, जुन्या गाड्यांचे वेडे, रविवारी अकराला येणार होते.

“तुला विचारत तीन वर्षं थांबले,” आई म्हणाली. “तू दर वेळी म्हणतेस, बघू. किती बघू झाले आता.”

“द्यायच्या आधी ब्रेक एकदा उघडून बघते.”

“काही उघडू नकोस. जशी यांनी ठेवली तशी जाऊ दे.” तिने किल्ली कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावले. आई कधी गाडीशी बोलली नव्हती, पण गाडीवरून कोणी बोललेले तिला चालत नसे.

आता प्रश्न फक्त माझा उरला नव्हता. रविवारी एक अनोळखी माणूस त्या बोल्टावर विसंबून उज्जैनच्या रस्त्याला लागणार होता.

शनिवारी सकाळी आई विहारात गेली. मी ताडपत्री काढली. धूळ खाली बसेपर्यंत थांबले. गाडीचा डावा गाल कठड्याने खरवडलेला तसाच होता. काचेतून आत पाहिले: ड्रायव्हरची सीट पप्पांच्या पायांच्या मापाने मागे सरकलेली, डॅशबोर्डवर चष्मा पुसायचे पिवळे फडके, चौकोनी घडी घातलेले. मी दाराला हात लावला नाही.

जॅक लावला, चाक काढले. बोल्टांची डोकी कॅलिपरच्या मागच्या अंगाला असतात. ती नीट दिसायला स्टिअरिंग वळवावे लागते आणि किल्लीशिवाय ते कुलूपबंद होते. पप्पांच्या पेटीत दांडीला लावलेला छोटा गोल आरसा होता, अशाच आडजागी बघायला. तो मी आत सरकवला आणि बॅटरी धरली.

वरची पांढरी रेघ अखंड होती.

खालची तुटलेली होती.

बोल्टच्या डोक्यावरचा अर्धा भाग आणि कॅलिपरवरचा अर्धा भाग यांच्यामध्ये केसाएवढी पायरी पडली होती. डोक्यावरचा भाग सुटण्याच्या दिशेला सरकलेला. मी आरसा बाहेर काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा तेच. मग आरसा जमिनीवर ठेवला आणि पोर्चच्या पायरीवर बसले.

त्या बसण्याचे वर्णन मला करता येणार नाही, आणि करायचेही नाही. एक गोष्ट मात्र खरी आहे. रडू आले नाही. बरोबर ठरल्याचे एक अत्यंत घाणेरडे समाधान आले. तीन वर्षांचे अनुमान सिद्ध झाले होते.

आई परतली तेव्हा मी तशीच बसलेली होते. तिने उघडे चाक पाहिले, माझे काळे हात पाहिले. ओरडणार होती, पण ओरडली नाही.

“काय झालं?”

मी सांगितले. पेढे, साडेचारची गाडी, व्हाइटनर, सगळे क्रमाने, एखाद्या समितीपुढे सांगावे तसे. शेवटी म्हणाले, “तो सैल झालेला आहे. मी कसलेला बोल्ट. आणि तपासल्याची खोटी खूणही मीच केली.”

आई माझ्या शेजारी पायरीवर बसली. हातातली पिशवी तिने मांडीवर घेतली.

“तो खालचा का?”

“तुला काय माहीत खालचा-वरचा?”

“मला काय माहीत असणार. तू गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी हेच चाक परत काढलं होतं. मी म्हटलं, कालच तर केलंत दोघांनी. म्हणाले, खालचा एक राहिला. मी इथंच तांदूळ निवडत होते. टक् झालं एकदा. चाक लावलं, आत आले, चहा मागितला.”

“टक् झालं?”

“झालं ना. त्या आवाजाचं मला वीस वर्षं कौतुक ऐकवलंय यांनी.”

“अजून काय म्हणाले?”

“काही नाही. म्हणाले, पोरगी घाईत होती.”

मग सवय कामाला लागली. बोल्ट दुसऱ्या दिवशी पप्पांनी कसला असेल, तर रेघ तेव्हाच तुटली असणार. रंग वाळल्यानंतर डोके हलले. पण मग सरकण्याची दिशा कसण्याची हवी. मी पाहिली ती सुटण्याची होती. म्हणजे त्यानंतर बोल्ट उलटा फिरला, मूळ जागा ओलांडून मागे गेला. तेही शक्य होते, आणि दिसतो त्याहून जास्त सुटल्यामुळे ते आधीपेक्षा वाईट होते.

पण आणखी काहीतरी चुकत होते. मी आरशातले चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणले. वरची रेघ, पप्पांची, डावीकडे झुकलेली. खालची, माझी, उजवीकडे. मी डावरी आहे. माझी रेघ उजवीकडे झुकत नाही, आणि त्यांची कधी डावीकडे झुकली नाही.

आरसा. आरशात उजवे-डावे उलटते. शाळेतल्या मुलाला हे माहीत असते.

“आई, किल्ली दे.”

“आता काय?”

“दे ना.”

तिने पदराच्या गाठीतून कपाटाची किल्ली काढली, आत गेली, गाडीची किल्ली आणून माझ्या तळहातावर ठेवली. मी दार उघडले. बंद गाडीत तीन वर्षे कोंडलेला वास आला: जुने रबर, पेट्रोल, आणि पप्पा केसांना लावत ते तेल. सीटवर बसले तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पुढे घ्यायचे मला सुचले नाही, किंवा सुचले आणि मी घेतली नाही. नजर वर गेली. आरशात रस्ता नव्हता. मागच्या सीटचा कोपरा होता, पाय दुमडून बसण्यापुरता. रिकामा.

स्टिअरिंग वळवून मी बाहेर आले, आडवी झाले आणि बोल्टाकडे सरळ, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

पायरी कसण्याच्या दिशेला होती. केसभर, पण निःसंशय. माझी रेघ वाळल्यानंतर कोणीतरी हा बोल्ट थोडा आणखी घट्ट केला होता, आणि त्यानंतर तो हलला नव्हता. तुटल्या जागी गंजाची एकसारखी जुनी रेष बसली होती. मी जॅक हलवला, टॉर्क पाना लावला, ठरलेल्या जोरापर्यंत ओढला.

टक्.

बोल्ट जागचा हलला नाही.

“झालं ना?” आईने पायरीवरून विचारले.

“झालं.”

म्हणजे मी सैल सोडला होता, आणि पप्पांना त्याच दिवशी कळले होते. रेघेचा कल बॅटरीच्या प्रकाशात त्यांना दिसला नसेल, हे शक्यच नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या खुणा वाचल्या होत्या. म्हणून ऑटो. ज्या गाडीचा बोल्ट तपासलेला नाही, त्या गाडीत त्यांनी मला बसवले नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः कसला. माझी खोटी रेघ पुसली नाही. स्वतःची रेघही ओढली नाही, कारण आता कसणारे ते होते.

राऊजवळची ती दुपार हृदयाचीच होती. डॉक्टर बरोबर होते. मी सुटले होते, आणि सुटल्यावर काय राहते ते माझ्यासमोर राहिले: दर रविवारचा तो प्रश्न, तीन वर्षे. ते फोन संपवत नव्हते. ते थांबलेले होते.

मी उरलेली गाडी पाहिली. मी गेल्यानंतर त्यांनी एकट्याने बरेच काही केले होते. मागचे शॉक अॅब्सॉर्बर बदलले होते, रेडिएटरचे पाय नवे होते, उजव्या चाकाला धरणारा एक आर्म बदलला होता. त्या एकाही बोल्टावर रेघ नव्हती. पांढरी नाही, कारण स्वतः कसलेल्यावर ते स्वतः खूण करणार नाहीत. लाल नाही, कारण लाल मी होते. अर्धी गाडी न तपासलेल्या बोल्टांवर उभी होती.

नेलपॉलिशची जुनी बाटली पेटीच्या तळाशी दगड होऊन पडली होती. तिच्या शेजारी आणखी तीन बाटल्या होत्या, त्याच रंगाच्या, सील न उघडलेल्या.

“हे काय?”

आई वाकून पाहू लागली आणि तिला हसू आले. हसताना तिने तोंडावर पदर धरला. “दर वर्षी एक. बडा गणपती मंदिराजवळच्या त्या दुकानातून. दुकानदार म्हणायचा, भिया, भाभी को ये रंग बहुत पसंद है. हे म्हणायचे, भाभी नहीं, गाड़ी लगाती है. मला तर एकदा पण नाही आणली.”

मग ती हसायची थांबली, आणि आम्ही दोघी त्या तीन बाटल्यांकडे बघत राहिलो.

मी दुपारभर काम केले. त्यांनी कसलेला एकेक बोल्ट शोधला, पाना लावला, टक् ऐकला, लाल रेघ ओढली. एकही सैल निघाला नाही. तो निघणार नव्हता, हे मला ठाऊक होते. तपासणी हा विश्वासाचा अभाव नसतो, असे पप्पा कारखान्यातल्या चिडलेल्या लोकांना सांगत. आई पायरीवर बसून बॅटरी धरत होती आणि मध्येच विचारत होती, “किती राहिले?” एकदा म्हणाली, “यांच्यासोबत मी कधी नाही बसले अशी. आवाज नको वाटायचा.” मी पुढच्या बोल्टला पाना लावला.

खालचा डावा मी शेवटी ठेवला होता. तो कोणाचा, याचा विचार मला थोडा वेळ करावा लागला. सुरुवात माझी. पण कसून पुरा पप्पांनी केला. म्हणून आता तो त्यांचा. मी तपासला होता, टक् मी ऐकला होता. तेव्हा नियमाने त्यावर माझी रेघ हवी. तुटलेल्या पांढऱ्या रेघेला न लागता, तिच्या शेजारी, मी लाल रेघ ओढली. ती डावीकडे झुकली. पांढरीही डावीकडेच झुकलेली होती. दोन्ही एकाच हाताच्या आहेत, हे आता कोणालाही दिसेल.

“अजून काही?” आईने विचारले. बॅटरी धरून तिचा हात दुखत असावा.

मी चाकाच्या पोकळीतच होते, म्हणून तिला माझा चेहरा दिसला नाही. “नाही,” मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरे होते. ज्याला सांगायचे त्याला ते ऐकू गेले नाही.

रविवारी दंतवैद्य अकराच्या ठोक्याला आले. चाळिशीचे, अंगावर इस्त्रीचा शर्ट, तरी सरळ जमिनीवर आडवे झाले आणि बॅटरी लावून गाडीखाली अशी पाहणी करू लागले की आता ‘आ’ करायला सांगतील.

“दीदी, ये तो पूरी फाइल लिखी हुई है नीचे. ये लाल-सफेद किसका काम है?”

“लाल मेरा. सफेद पापा का.”

“और ये डाव्या चाकावर,” ते अर्धे मराठीत आले, आजी पुण्याची, असे आधी म्हणाले होते, “दोन का? और सफेदवाली टूटी हुई है. ढीला था क्या?”

आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

“हो. मी सैल सोडला होता. पप्पांनी नंतर कसला. काल तपासून मी लाल केली. चालवायला सुरक्षित आहे.”

ते गाडीखालून बाहेर आले, शर्टाची धूळ झटकली, आणि मान हलवली. “आजकल कौन बताता है,” एवढेच म्हणाले.

कागद झाले, चहा झाला. आईने पिवळे फडके डॅशबोर्डवरून काढून घेतले; बाकी काही काढले नाही. दंतवैद्य सीटवर बसले. उंच माणूस, पप्पांएवढाच. सीट हलवावी लागली नाही. सोबत आणलेली नवी बॅटरी जोडल्यावर इंजिन तिसऱ्या प्रयत्नात लागले. आम्ही गेटपर्यंत गेलो. आधी मी ब्रेकच्या दिव्यांकडे पाहत होते. कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत, जरासुद्धा न ओढता, थांबली.

मग मागच्या काचेतून दिसले: त्यांचा हात वर गेला, आरशाला लागला, आणि त्यांनी तो रस्त्याकडे वळवून घेतला.